भावाच्या एमआरआयमध्ये 'व्हाईट मॅटर' बिघडलंय म्हणे, आता काय करायचं?

पत्र: माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. माहेर वाळवा तालुक्यात, घरचा ऊस आहे, शेती तोच बघतो. दीड वर्षाचा असताना तापात त्याला आकडी आली होती, ती अर्धा तास थांबली नव्हती असं आई सांगते. पुढे अकराव्या वर्षी फिट सुरू झाल्या. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं म्हणतो, मग एकटक बघत राहतो, ओठ चाटतो, शर्टाची बटणं चाचपतो. एक-दोन मिनिटांत थांबतं, पण नंतर बराच वेळ गोंधळलेला असतो. महिन्यातून तीन-चार वेळा होतं. वर्षातून एखादी मोठी फिट येऊन खाली पडतो. आधी कार्बामाझेपिन चालू होती, चार वर्षांपूर्वी लेव्हेटिरासेटाम जोडली. परवा मिरजेला एमआरआय केला. रिपोर्टमध्ये डाव्या हिप्पोकॅम्पसचा स्क्लेरोसिस असं काहीतरी आहे, आणि शेवटी व्हाईट मॅटरमध्ये थोडे 'नॉन-स्पेसिफिक' ठिपके आहेत असं लिहिलंय. चुलतभावानं मोबाईलवर शोधलं, तर फिट येणाऱ्यांच्या मेंदूतलं व्हाईट मॅटर खराब होत जातं असं निघालं. तेव्हापासून आई नीट जेवत नाही. हे गोळ्यांमुळे झालं का? बंद कराव्यात का? हल्ली तो नावं विसरतो, शब्द आठवत नाहीत, चिडतोही फार. दर सहा महिन्यांनी एमआरआय करायचा का? आणि त्याला स्थळं बघतोय, हा रिपोर्ट मुलीकडच्यांना दाखवायचा का? आई म्हणते, अजिबात नको.
– एक बहीण, पलूस

ताई,

रिपोर्टचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. घरातले सगळे ज्या ओळीनं हादरलात, ती त्या कागदावरची सगळ्यात कमी महत्त्वाची ओळ आहे. तिच्या वरची जी डाव्या हिप्पोकॅम्पसच्या स्क्लेरोसिसची ओळ आहे, तिला पत्रात तुम्ही 'असं काहीतरी' म्हणून सोडून दिलंत. मला खरं बोलायचंय ते त्या 'असं काहीतरी'बद्दल. पण आधी ठिपक्यांचं उरकतो, नाहीतर आईंच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मेंदूच्या बाहेरच्या घडीदार थरात पेशी असतात, तो भाग करडा दिसतो. त्या पेशींतून निघालेले लांब तंतू आतून एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जातात. या तंतूंवर मायेलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं, त्यामुळे तो भाग पांढरट दिसतो. तेच हे व्हाईट मॅटर. विशीतल्या माणसाच्या मेंदूतले असे तंतू एकापुढे एक जोडले तर लांबी दीड लाख किलोमीटरच्या घरात जाते. एवढ्या पसाऱ्यात एमआरआयच्या 'फ्लेअर' चित्रांवर चार बारीक ठिपके चमकले, तर रेडिओलॉजिस्टला ते लिहावे लागतात. 'नॉन-स्पेसिफिक' याचा अर्थ इतकाच, की या ठिपक्यांवरून कुठल्याही एका आजाराचं नाव घेता येत नाही. रक्तदाब, साखर, विडी-सिगारेट, अर्धशिशी, डोक्याला पूर्वी लागलेला मार, नुसतं वाढतं वय, यातल्या कशानंही असे ठिपके दिसतात. पन्नाशी-साठीनंतर तर ते इतके सर्रास असतात की त्यांना शून्य ते तीन अशी श्रेणी द्यायची पद्धत १९८७ पासून रूढ आहे. फाझेकास नावाच्या डॉक्टरांची. तुमच्या भावाला त्यात शून्य किंवा एकच्या वर कुणी देईल असं मला वाटत नाही.

तरी एक करा. नुसता कागद न नेता सीडी घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि चित्रं त्यांना स्वतः बघायला सांगा. ठिपका कुठे आहे, कसा आहे यावरून क्वचित वेगळा आजार निघतो, आणि ते त्यांच्या नजरेलाच कळतं. आपल्याकडे 'फिट आणि मेंदूत ठिपका' म्हटलं की लोक फीतकृमीच्या गाठीवर जातात. ती गाठ वेगळी दिसते आणि या रिपोर्टात तिचा उल्लेख नाही. (ती फक्त मटण-डुक्कर खाणाऱ्यांना होते हाही गैरसमजच. कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून शाकाहारी माणसाच्या पोटातही जातात.)

आता चुलतभाऊ. त्यानं जे वाचलं ते खोटं नाही, पण त्याचा या ठिपक्यांशी संबंध नाही. त्यानं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या.

त्यानं वाचलं ते डिफ्युजन एमआरआयवरच्या संशोधनाबद्दल असणार. या तपासणीत मेंदूतल्या पाण्याचे रेणू कुठल्या दिशेनं किती सरकतात हे मोजतात. तुमच्या माहेरी उसाला पाणी देताना बघितलं असेल: वरंबे धड असले की पाणी सरीनं सरळ पुढे धावतं, वरंबा ढासळला की आडवं पसरतं. तंतूंचा जुडगा आणि त्यावरचं आवरण घट्ट असेल तर पाणी तंतूच्या दिशेनंच सरकतं, विस्कटलं असेल तर ते इकडेतिकडे जास्त जातं. हा फरक आकड्यात पकडता येतो. २०२० साली 'ब्रेन' या नियतकालिकात यावरचा एक मोठा अभ्यास आला. २१ केंद्रांमधले अपस्माराचे, म्हणजे फिटच्या आजाराचे, १,२४९ रुग्ण आणि १,०६९ निरोगी माणसं त्यात होती. रुग्णांच्या गटात बहुतेक तंतुमार्गांमध्ये हा विस्कटलेपणा जास्त निघाला. मेंदूचे दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममध्ये तो ठळक होता. सगळ्यात जास्त होता तो तुमच्या भावासारख्यांमध्ये, म्हणजे ज्यांना हिप्पोकॅम्पसचा स्क्लेरोसिस आहे त्यांच्यात, आणि तोही बिघाडाच्या बाजूला. याच लोकांत फिट जितक्या लहानपणी सुरू झाल्या आणि आजार जितका जुना, तितका बदल अधिक दिसला.

वाचून धस्स होणार, कबूल आहे. पण हे गटाच्या सरासरीचे आकडे आहेत. एकट्या माणसाच्या चित्रावर डोळ्यांनी ते दिसत नाहीत, संगणकावर हिशेब करून काढावे लागतात, आणि निरोगी माणसांचे व रुग्णांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. त्यावरून एखाद्याचं पुढे काय होईल हे कुणी सांगू शकत नाही. मिरजेत काय किंवा मुंबईत काय, तुमच्या भावाला 'तुझं व्हाईट मॅटर अमुक टक्के खराब आहे' असं सांगणारा कुणी भेटला तर तिथून उठून या.

दुसरं, 'खराब होत जातं' हे क्रियापद चुलतभावानं पदरचं घातलंय. अशा अभ्यासात माणसांचं एकदाच चित्र काढलेलं असतं. फिटमुळे तंतू विस्कटले, की लहानपणच्या त्या तापातल्या आकडीनं दोन्हींची सुरुवात एकदमच करून ठेवली, की तंतूंची ठेवण वेगळी होती म्हणून फिट येत राहिल्या, हे त्यातून सुटं करता येत नाही. गंमत म्हणजे २०२२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांवर काम केलं, त्यात फिट ज्या मार्गानं जातात तिथलं मायेलिन उलट वाढलेलं निघालं, आणि ही वाढ रोखली तेव्हा फिट वाढत जायच्या थांबल्या. तो अपस्माराचा वेगळा प्रकार आणि तोही उंदरांतला, त्यामुळे भावाला लागू करू नका. मला एवढंच म्हणायचंय की 'फिट आली, मेंदू जळला' इतका सरळ हा हिशेब नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. त्याच्या दोन्ही गोळ्यांनी असे ठिपके पडतात असं मानायला आधार नाही. बंद तर मुळीच करू नका. एकदम बंद केल्या तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात, आणि त्यात जीव जातो. शिवाय औषध झटकन काढल्यावर कॉर्पस कॅलोसमच्या मागच्या टोकाला एमआरआयवर तात्पुरता डाग उमटल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. म्हणजे ठिपक्याच्या भीतीनं गोळी सोडाल आणि नवा ठिपका पैदा कराल. चिडचिडीचं मात्र डॉक्टरांना जरूर सांगा. लेव्हेटिरासेटामनं काही लोक खरोखर तापट होतात, घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला. त्यावर मात्रा कमी करणं, औषध बदलणं असे उपाय आहेत. दर सहा महिन्यांनी एमआरआय कशाला? तो पैसा वाचवा, पुढे लागणार आहे.

आता ती वरची ओळ.

हिप्पोकॅम्पस हा कानशिलाच्या आत खोलवर असलेला छोटा भाग. नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याचं मोठं काम त्याच्याकडे असतं. त्याचा स्क्लेरोसिस म्हणजे तिथल्या पेशी कमी होऊन तो आकसलेला आणि कडक झालेला असणं. तुम्ही पत्रात जे वर्णन केलंय, तान्हेपणी तापात लांबलेली आकडी, मग काही वर्षं शांतता, मग पोटातून वर चढणारी लाट, एकटक नजर, ओठ चाटणं, बटणं चाचपणं, ते या आजाराचं इतकं नेमकं वर्णन आहे की विद्यार्थ्यांना शिकवायला वापरावं. शब्द आणि नावं विसरणंही त्यातच बसतं, कारण बहुतेकांचा डावा भाग शब्दांची आठवण सांभाळतो. तिथून निघणारे तंतुमार्गही नावं आठवण्याशी जोडलेले आहेत. विसरभोळेपणाचा उगम शोधायचा तर तो इथे आहे, कपाळामागच्या चार ठिपक्यांत नाही.

आणि ही ओळ महत्त्वाची का? कारण या प्रकारात गोळ्या बऱ्याचदा पुरत नाहीत, आणि याच प्रकारात शस्त्रक्रियेचा सर्वांत चांगला गुण येतो.

ग्लासगोमधल्या डॉक्टरांनी २००० साली नव्यानं उपचार सुरू केलेल्या रुग्णांचा हिशेब मांडला. पहिल्या औषधावर ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या, दुसऱ्यावर आणखी १३ टक्क्यांच्या, आणि त्यापुढे कितीही औषधं बदला, जोडा, जेमतेम ४ टक्क्यांची भर पडली. म्हणूनच २०१० पासून जगभर व्याख्या अशी ठरली आहे: नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत, नियमित घेतलेली दोन औषधं देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तो औषधाला दाद न देणारा अपस्मार. तुमचा भाऊ चार वर्षं दोन औषधांवर आहे आणि महिन्याला तीन-चार फिट चालू आहेत. आधी एवढं तपासून घ्या की मात्रा पुरेशी होती का आणि गोळ्या चुकत नव्हत्या ना. तो खरं सांगेल असं तुम्ही विचारा, आईंसमोर नको. दोन्ही उत्तरं होकारार्थी आली, तर तिसऱ्या गोळीची वाट बघत आणखी पाच वर्षं घालवण्यात काही हशील नाही. आपल्याकडे शस्त्रक्रियेचं नाव निघेपर्यंत कित्येकदा माणूस चाळिशीत गेलेला असतो. शिक्षण, नोकरी, लग्न सगळं फिटांनी खाऊन टाकलेलं असतं. याचा मला राग येतो, आणि त्यात आम्हा डॉक्टरांचा दोष घरच्यांपेक्षा जास्त आहे.

कॅनडात ८० रुग्णांवर झालेली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या वाटेला लावलं, निम्म्यांना गोळ्यांवर ठेवलं. वर्षभरानंतर भान हरपणाऱ्या फिट पूर्ण थांबलेले लोक पहिल्या गटात ५८ टक्के होते, दुसऱ्यात ८ टक्के. तुम्हाला झिजण्याची चिंता आहे म्हणून हेही सांगतो: लंडनच्या एका गटानं असे रुग्ण वर्षानुवर्षं तपासले. फिट चालू असलेल्यांच्या मेंदूचा करडा थर वयाच्या मानानं जास्त वेगानं पातळ होत होता. शस्त्रक्रिया झालेल्यांत तो वेग थांबलेला दिसला. तेव्हा मेंदू वाचवायचा असेल तर फिट थांबवणं हाच त्यातला हातात असलेला भाग आहे.

शस्त्रक्रिया लगेच ठरत नाही. आधी व्हिडिओ ईईजी होतो. रुग्णाला काही दिवस दवाखान्यात ठेवून, कॅमेऱ्याखाली, डोक्याला तारा लावून त्याची फिट नोंदवतात. ती खरंच डाव्या हिप्पोकॅम्पसमधून निघते का ते बघायचं असतं. मग स्मरणशक्तीची आणि भाषेची सविस्तर चाचणी. ही महत्त्वाची, कारण डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर शब्दांची आठवण काहींची आणखी कमी होते. किती धोका आहे ते आधी मोजून, सांगून मगच पुढे जातात. चाचणी त्याला ज्या भाषेत बोलणं सोपं जातं त्या भाषेत होईल असं बघा, नाहीतर इंग्रजी शब्दांची यादी देऊन नापास करतील. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून हे काम चालू आहे, तिकडे महाराष्ट्रातून लोक जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. मी त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे 'शस्त्रक्रिया करा' असं मी म्हणत नाही. 'तो शस्त्रक्रियेत बसतो का, याची तपासणी हवी' ही चिठ्ठी मात्र आत्ताच्या डॉक्टरांकडून या महिन्यात मागून घ्या.

तोवर शेतीचं काय? तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरचा ऊस आणि शेती तोच बघतो म्हटल्यावर मी धरून चालतो की लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायलाही तोच जातो. झोप मोडली की फिट यायचा धोका वाढतो. रात्रीचं पाणी दुसऱ्या कुणाकडे द्या, रोजगार द्यावा लागला तरी. कठडा नसलेल्या विहिरीवर एकट्यानं जायचं नाही, कृष्णेत पोहायचं नाही, कडबाकुट्टीच्या तोंडाशी हात घालायचा नाही, ट्रॅक्टर आणि मोटरसायकल चालवायची नाही. लायसनच्या अर्जात फिट येतात का हा प्रश्नच आहे, आणि खोटं उत्तर देऊन मिळवलेलं लायसन अपघातानंतर कामाला येत नाही. अंघोळीला जाताना दाराची आतली कडी लावू नये. बाकी कामं त्यानं करावीत, खुशाल करावीत. घरात बसवून ठेवलात तर चिडचिड गोळीनं होते त्याच्या दुप्पट होईल.

फिट आली की आई काय करतात? चप्पल हुंगवत असतील किंवा मुठीत किल्ल्या देत असतील तर ते थांबवा. फिट आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला जातं. बटणं चाचपत असेल तेव्हा घट्ट धरून ठेवू नये, तो त्या गुंगीत झटापट करेल. नुसतं विहीर, चूल, रस्ता यांच्यापासून लांब वळवावं. मोठी फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा. लांबलेली फिट थांबवायला मिडाझोलाम या औषधाचा नाकात मारायचा फवारा मिळतो, तो डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात ठेवा.

स्थळाचं. आईंचं दुःख समजतं, पण त्यांचं ऐकू नका. एमआरआयचा कागद कुणाच्या हातात द्यायची गरज नाही. तो तुमच्या घरात तुम्हालाच उलटा लागला, तिथे परक्यांना काय सुलटा लागणार! फिट येतात, रोज गोळ्या घ्याव्या लागतात, उपचार कुठवर आलेत, हे मुलीला आणि तिच्या आईवडिलांना सुपारी फुटायच्या आधी तोंडानं सांगायचं. अपस्मार असणं हे लग्न रद्द व्हायचं कारण आता कायद्यात उरलेलं नाही. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही ते काढून टाकलं. पण लपवून लग्न केलं तर फसवणूक झाली म्हणून कोर्टात जाता येतं, आणि लोक जातात. दुसरं असं, की लपवायचं ठरलं की गोळ्या लपवाव्या लागतात, मग चुकतात, आणि लग्नघरातली जागरणं झाली की फिट हळदीच्या दिवशीच येते. मुलांना होईल का असं विचारतील. या प्रकारचा आजार बहुतेक वेळा वारशानं येत नाही, एवढं सांगा आणि जास्त शंका असेल तर त्यांना घेऊनच डॉक्टरांकडे जा. खरं तर मी तुमच्या जागी असतो तर व्हिडिओ ईईजी होईपर्यंत स्थळं बघणं थांबवलं असतं. फिट थांबल्या तर बोलणी वेगळ्याच पातळीवर होतील.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना सीडी, जुने सगळे रिपोर्ट, कुठली गोळी किती मात्रेत कधीपासून याची एका कागदावर यादी, आणि फिटचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ न्या. व्हिडिओत चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. कुठला हात हालतो आणि कुठला ताठ राहतो यावरून बाजू कळायला मदत होते. 'बटणं चाचपतो' हे तुम्ही लिहिलंत, पण कुठल्या हातानं ते लिहिलं नाहीत.

एवढ्या मोठ्या पत्रात भावाला स्वतःला काय हवंय हे कुठेच आलेलं नाही. त्याला हे उत्तर वाचायला द्या, आणि त्याला काही विचारायचं असेल तर त्यानंच लिहू दे.